निवृत्तीचा नळा

वऱ्हाडाचा कारभार नागपुरातून चालायचा, त्या काळी एका तालुक्याच्या गावी गुरांच्या दवाखान्यात निवृत्ती नावाचा नोकर होता. आलेल्या जनावराचे खूर फिनेलच्या पाण्यानं धुवायचे, रोगी गुरं लांब बांधायची आणि औषध पाजायचा बांबूचा नळा दर जनावरामागे उकळायचा, हे त्याचं काम. नळा तो इतका उकळी की लोक म्हणत, निवृत्तीच्या घरी डाळ कच्ची राहील, नळा राहणार नाही. हसणाऱ्याचं काय जातं?

तो डोणगावजवळच्या एका खेड्यातला. तरुणपणी गावात बुळकांडी शिरली, गुरं हगवणीनं पटापट पडू लागली. यानं काढा केला आणि एकच नळा घेऊन गोठ्यागोठ्यातून फिरला. आधी आजारी बैलांना पाजलं, मग रोग लागू नये म्हणून धडधाकट बैलांना. दोन दिवस अन्नाला शिवला नाही. पन्नासावर बैल गेले, तरी गावानं त्याला देवमाणूस म्हटलं, आणि त्याच नावावर ही नोकरी लागली. पहिल्याच दिवशी डॉक्टर वामनरावांनी नळा उकळत्या पाण्यात टाकून सांगितलं, "एका जनावराची लाळ दुसऱ्याच्या घशात गेली, की रोग आपणच पाजला." निवृत्तीनं तो नळा संध्याकाळपर्यंत उकळत ठेवला. वामनरावांना वाटलं, नवा नोकर कामाला वाघ आहे.

पंधरा वर्षं त्यानं हे पोटात ठेवलं. भीतीनंच ठेवलं, त्यात मोठेपणा शोधू नये. त्याच्याच गावात दिलेल्या बहिणीची, गोजरबाईची बैलजोडीही त्या साली गेली होती, आणि पुढचे दोन हंगाम तिनं नवऱ्याबरोबर बैलांच्या जागी स्वतः डवरं ओढलं होतं.

मग त्याच्या गावात बुळकांडी पुन्हा आली. वामनराव लस येण्याची वाट पाहत तालुक्याला अडकले होते, म्हणून निवृत्ती एकटाच गावात पोचला. पारापाशी चुलीवर काढा तयार होता. पाटील पंजाबरावांनी नळा त्याच्या हाती दिला.

"त्या सालासारखं तूच पाज, बापा. तुया हाताले गुण हाय."

"घरटी येगळा नळा करा, पाटील."

"तवा तं एकाच नळ्यानं पाजलं. आता काऊन नाही?"

"म्हणूनच मेले ते," निवृत्ती म्हणाला. "बिमार बैलाची लाळ म्या चांगल्या बैलाच्या तोंडात घातली. रोग म्याच पाजला."

पंजाबरावांनी नळा हिसकावून चुलीत घातला आणि घरोघर वेगळे बांबू कापायला माणसं पाठवली. निवृत्तीकडे त्यांनी पाहिलं नाही.

गोजरबाई मात्र जवळ आली. "तुले हे कधीपासून ठावं होतं?"

"नोकरीले लागलो तवापासून."

"मंग दर दिवाळीले माह्या हातून ओवाळून घेत होता?"

मान खाली घालून निवृत्ती आल्या वाटेनं निघाला.

त्या साली गावात चारच जनावरं दगावली. गोजरबाईची जोडी वाचली. भाऊबीजेला निवृत्तीनं सुटी घेतली, धुतलेलं धोतर नेसला आणि गावच्या वाटेकडे तोंड करून दवाखान्याच्या ओट्यावर संध्याकाळपर्यंत बसला. बोलावणं आलं नाही.