मुठीतला अंगठा

माझी कॉलेजची सायकल ज्यांनी चालती ठेवली, ते उमरखेडचे पंक्चरवाले काका बोलतानाही काकूंच्या डाव्या हाताकडेच बघत असतात. काकूंचा मिरगीचा झटका त्या हाताच्या अंगठ्यापासून सुरू होतो. नागपूरच्या डॉक्टरांनी झटक्याचा व्हिडिओ मागितलाय. झटका मेंदूत काही वेळ एकाच जागी थांबत असेल, तर ऑपरेशनची आशा जास्त. लगेच पसरत असेल, तर कमी.

काल थकलेल्या काकांनी मोबाईल पुढे केला.

"पाह्य ना बाबू, लवकर पसरते का?"

व्हिडिओत अंगठा दिसतच नव्हता. काकांनी तो आपल्या मुठीत गच्च धरला होता. आधीच्या व्हिडिओतही मूठच होती.

"काका, हात सोडा म्हटलं होतं ना मी!"

"झटका वर चढून राह्यला होता ना बाप्पा. सोडू कसा?"