शेंडेनक्षत्र बघायला कन्नडच्या पुढे

सुजाताचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर धूमकेतू शोधत होते आणि शहराच्या दिव्यांच्या नावानं बोटं मोडत होते. "ताई, शेंडेनक्षत्र आलंय म्हणं. मला सातवा लागलाय, म्हणून दिवेलागणीला दारं लावून आत बसवतेत. तू ये ना दुर्बीण घेऊन."

धाकट्या बहिणीला नाही म्हणवेना, पण मागचं आठवलं. मागच्या खेपेला "ग्रहण बघ गं" असं मीच तिला फोनवर सांगितलं होतं. तिनं बघितलं आणि पंधरा दिवसांत पोटातलं बाळ गेलं. डॉक्टरांनी कारण वेगळं सांगितलं, ते मला पटलंही. तरी तेव्हापासून तिच्या सासूबाईंसमोर माझी मान वर होत नाही.

शनिवारी निघाले ते अडीचच्या गाडीनं, आणि तिथंच चुकले. कुणी या वाटेनं जाणार असेल तर दुपारी एकच्या आत बस धरा. शहरातून कन्नडपर्यंत एसटीला दोनेक तास लागतात, बायकांना अर्धं तिकीट. वेरूळला निम्मी गाडी रिकामी होते, तिथून खिडकी मिळते. कन्नडच्या स्टँडवर भजी गरम असतील तरच घ्या. पुढे सुजाताच्या सासरच्या गावाला जीप, आणि ती भरल्याशिवाय हलत नाही. माझी पाऊण तास हलली नाही. धूमकेतू सूर्यास्तानंतर जेमतेम तासभर दिसायचा, रोज थोडा फिका होत होता, त्यात कोजागरीचा चंद्र मोठा होत चाललेला. मी ड्रायव्हरला तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, आस्मान कुठं पळून चाललंय का?"

पोचले तेव्हा अंधार पडायला लागला होता. गच्चीवर मका वाळत घातलेला, त्यातून वाट काढत कठड्याशी गेले. आधी शुक्र सापडला, मग त्याच्या उजवीकडे, थोडा वर, तो. शेपूट सरळ वर गेलेली. मी श्वास सोडला तोच मागं सुजाताच्या सासूबाई उभ्या.

"घावलं का?"

"हो मावशी. सुजाताला बोलावू?"

त्या मका ओलांडून कठड्याशी आल्या. मग हात पुढे केला. "आधी मला दाव. काय व्हायचं ते मला होऊ दे. उद्या सांजच्यापर्यंत मी धड राहिले तर ती बघंल."

मी समजावलं की ती नुसती धूळ आणि बर्फ आहे, तिथून कुणाचं काही बिघडत नाही.

"मग मान खाली घालून का सांगतीस?"

मी दुर्बीण त्यांच्या हातात दिली. त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली, चांगली दोन मिनिटं बघितलं. "केरसुणीवानी दिसतंय," म्हणाल्या आणि भाकरी टाकायला खाली गेल्या.

रविवारी दिवसभर मी निसर्ग वगैरे काही पाहिला नाही, मावशींना पाहिलं. त्यांना ठसका लागला, मी पाणी घेऊन धावले. त्या मक्याची पाटी घेऊन जिना चढल्या, मी मागोमाग हात पसरून. "लेकरू हाय का मी?" म्हणून शिव्या खाल्ल्या. दुपारी घाटाकडून ढग आले आणि सहाला पश्चिम पार बुजून गेली. सोमवारी शाळेत माझे तास, म्हणजे आजच काय ते. खरं सांगते, हे ढग हटूच नयेत असंही एकदा मनात येऊन गेलं.

सातच्या सुमारास एक फट पडली. मी काही बोलायच्या आत मावशींनीच जिन्यात हाक मारली, "सुजे, ये वर. दमानं ये, पायऱ्यांवर मका सांडलाय."

सुजातानं दुर्बीण धरली. "अगं बाई!" म्हणाली, आणि लगेच पोटावर हात ठेवला. मी तिचा दंड धरला. "काय झालं?"

"काय नाय गं. हललं."

तेवढ्यात फट मिटली.

घरी येऊन तीन आठवडे झालेत. धूमकेतू आता नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. सुजाता बरी आहे, तपासण्या व्यवस्थित आहेत, आणि माझ्या रोज सकाळच्या फोनला ती वैतागली आहे. मावशींनी एकदाही फोन केला नाही. त्या निवांत आहेत. पुढचा धूमकेतू येईल तेव्हा तुमच्या घरी कुणी गरोदर असेल तर तिला आत कोंडू नका, हाताला धरून गच्चीवर न्या. हे मला पक्कं माहीत आहे, म्हणूनच लिहिते आहे. फक्त सुजाताचं बाळ सुखरूप हातात येईपर्यंत मला झोप लागणार नाही.