भिमाजींच्या लेथची दुपार

चऱ्होलीचे भिमाजी मूळचे शेतकरी. रानात इमारती उठल्या तेव्हा भावकीतल्या इतरांनी गाड्या घेतल्या. ह्या गड्यानं घरामागं पत्र्याची शेड ठोकून लेथ, म्हणजे दांडा गरागरा फिरवत लोखंड तासायचं यंत्र, मांडला. चाकणच्या कारखान्यांना लोखंडी दांडे तासून द्यायचे आणि खुशीत राहायचं. त्यांच्या मंडळी, रंभाकाकू, म्हणायच्या, "बैल गेलं, पर ह्यांची दावण काय सुटली न्हाई."

यंदा लांब, सडपातळ दांड्यांचं काम आलं आणि लेथ किंचाळायला लागला. शेडला लागूनच सोसायटी. पहिल्या मजल्यावर नांदेडकडची योगिनी, तिचं तान्हं बाळ. दुपारी त्याचा डोळा लागला रे लागला की इकडं दांडा कर्रर्र करायचा. ती भांडली असती तर भिमाजींनीही चार शब्द सुनावले असते. पण पोरगी गॅलरीतून हात जोडून म्हणाली, "काका, दुपारचं तेवढं थांबवता का?" दुपार सोडली तर काम वेळेत निघायचं नाही, आणि तिला नाही तरी कुठल्या तोंडानं म्हणायचं?

भिमाजींनी पत्र्याला आतून गोणपाटं टांगली. इन्सर्ट, म्हणजे लोखंड तासणारी ती कार्बाइडची टिकली, तीही बदलून आणखी जाड टोकाची बसवली. नांगराचा फाळ कसा, दणकट हवा, हा त्यांचा जन्माचा हिशोब. लेथ दुप्पट ओरडला.

शेवटी भोसरीत शेखरचं हत्यारांचं दुकान गाठलं. दांडा केवढा म्हणून विचारल्यावर भिमाजींनी करंगळी दाखवली, तसा शेखर हसला. जाड टोक दांड्याला बाजूला रेटतं, बारीक दांडा थरथरतो, आवाज त्या थरथरीचा, असं समजावून त्यानं बारीक टोकाचा इन्सर्ट त्यांच्या तळहातावर ठेवला.

"ही तर चिमणीची चोच हाय राव," भिमाजी म्हणाले.

"दाणा टिपायला चोचच लागते, भाऊ. पहारीनं टिपाल का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ती चोच बसवली, चाल जरा हळू ठेवली. लोखंडाचा कीस तुटून तुटून ट्रेमध्ये पडू लागला आणि लेथ नुसता घुमत राहिला, पहाटेच्या जात्यासारखा. भिमाजी दांड्यामागून दांडा लावत गेले, मान वर करायचंही भान नाही. रंभाकाकू चहा घेऊन आल्या तेव्हा कुठं त्यांनी बटण बंद केलं.

तोच वरून बाळाचा टाहो. भिमाजी चपापले. आता तर मशीन बंद!

योगिनी बाळाला खांद्यावर घेऊन गॅलरीत आली. "काका, बंद का केलं? आत्ता कुठं गाढ झोपला होता."

भिमाजींनी कप तसाच बाजूला ठेवला आणि बटण दाबलं. रंभाकाकूंनी कपावर बशी झाकली.