पक्कं पाणी

सुकदेव धुळ्याच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता. डॉक्टर बदलीवर यायचे, बदलीवर जायचे, पण बैल पाडायचा कसा, म्हशीच्या घशात औषधाची नळी घालायची कशी, हे ज्याला विचारायचं तो सुकदेव अठरा वर्षं जागेवरच. गाव पांझरा नदीकाठी, बोली अहिराणी, अंगाला कायम फिनेलचा वास. एक खोड मात्र त्याची स्वतःची होती. जनावर समोर आलं की आधी हात लावायचा नाही. मनगटावरच्या घड्याळात बघत त्याची कूस किती वेळा वरखाली होते ते, म्हणजे श्वास, मोजायचं. कोणी घाई केली तर म्हणायचा, "ढोर बोलत नही, तेनी कूस बोलस."

सदुसष्ट सालच्या चैत्रात आग्रा रोडवरच्या कापड दुकानातून मदनलालशेठचं बोलावणं आलं. मुंबईच्या व्यापाऱ्यानं शेठजींना काचेची पेटी भेट दिली होती आणि तिच्यात पाच सोनेरी मासे. गिऱ्हाईक लुगडी बघायला यायचं आणि मासे बघत बसायचं. आता त्या माशांच्या अंगावर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके आले होते. कोणी काही खात नव्हतं.

"शेठजी, मी ढोरेस्ना माणूस," सुकदेव म्हणाला. "हाई माले काय समजस?"

"तुम्ही बघा तरी भाऊ. माझ्या आईनं अन्न सोडलंय."

जतनबाई मागच्या घरात भिंतीला टेकून माळ ओढत होत्या. सत्तरी ओलांडलेली, ज्वारीच्या धाटासारखी बाई. मासे दाणा घेतील तेव्हाच मी घास घेईन, असा त्यांनी नेम धरला होता. जैनांच्या रीतीनं दिवसाउजेडी पाणी घ्यायचं, तेही उकळलेलं, बस. तो पहिला दिवस होता.

"बस भाया," त्या म्हणाल्या. "मुके जीव आहेत. तू मुक्यांचाच ना?"

सुकदेवानं मान डोलावली. माशाला कूस नव्हती, पण कल्ला उघडझाप करत होता. त्यानं घड्याळ धरलं आणि मोजलं. मग ठरवलं की खुरकुतात खूर धुवायला वापरतात त्या लाल औषधाची अगदी फिकी आंघोळ द्यायची. हिरडीच्या रंगाइतकी गुलाबी, त्याहून गडद नाही. औषध मापाचं तर पाणीही मापाचं हवं. त्याच्या गावात मापं दोन, कच्चा शेर आणि पक्का शेर. पक्कं म्हणजे काठोकाठ भरलेलं, ज्यात फसवणूक नाही ते. त्यानं सांगितलं, "माय, धा तांब्या पाणी द्या. पन पक्कं पाहिजे बरं."

जतनबाईंचा चेहरा उजळला. "पक्कंच देईन. माझ्या घरी दुसरं काय असतं?" त्यांनी स्वतः उठून तोंड बांधलेल्या मडक्यातलं पाणी एनॅमलच्या पातेल्यात ओतलं, दहा तांबे, एक थेंब कमी नाही.

मासे जाळीनं काढून त्या गुलाबी पाण्यात सोडले. दोन मिनिटांत पाचही वर आले, तोंडं पाण्याबाहेर काढून आ वासू लागले. कल्ले इतके धडधडले की सुकदेवाची मोजणी चुकली. त्यानं पटकन त्यांना पेटीत परत टाकलं. ते तळाशी जाऊन पडले, पंख अंगाला चिकटवून. दाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं औषध निम्मं केलं. पाणी पुन्हा पक्कं दहा तांबे. मासे तसेच आ वासू लागले आणि परत पेटीत टाकल्यावर एक उलटा झाला, तो सुलटा झालाच नाही. जतनबाईंनी ते पाहिलं. त्यांची माळ ओढणारी बोटं थांबली, हे सुकदेवाला दिसलं.

घरी बायकोनं, भिकुबाईनं, भाकरी पुढे सरकवली. "ढोरे कमी पडनात का तुमले? आते मास्यास्नी नाडी धरतस?"

"मासा मरना तो मरना. ती म्हातारी मरी जाई, भिकू. मना हातनं."

 भिकुबाईनं वरणाची वाटी भरली आणि तो ती तशीच ठेवून उठला.

तिसऱ्या दिवशी मदनलालशेठ दारातच आडवे आले. आईला उठताना घेरी आली होती. "भाऊ, तुमचं औषध बंद करा. एक गेला, तेवढं पुरे."

"बंदच कराले येल शे," सुकदेव म्हणाला. "पन एक डाव नुसती पाणीनी आंघोळ देऊ द्या. औषध नही."

"नुसत्या पाण्यानं काय होणार?"

"बैलले आम्ही पाडतस ना शेठजी, तव्हय सुई टोचाआधीच तेनी कूस भात्यागत हालस. दोरखंडनं भ्याव ते. मासाले औषधनं भ्याव शे का आंघोळनं, ते तरी समजी."

जतनबाई भिंत धरून उठल्या. लेक नको म्हणत असताना त्यांनीच पाणी ओतलं. एक मासा त्या साध्या, स्वच्छ, बिनरंगाच्या पाण्यात सोडला. सुकदेव घड्याळ धरून उकिडवा बसला. दुसरं मिनिट भरायच्या आत मासा वर आला आणि आ वासू लागला.

म्हणजे औषध नव्हे. मग जाळी? जाळी तर पेटीत परत टाकतानाही लागते, तेव्हा तो असा तोंड वर काढत नाही. पांझरेच्या आटलेल्या डोहात मे महिन्यात मासे असेच वर येतात, हे त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. पण हे पाणी ना तापलेलं, ना घाण.

"माय, हाई पाणी कोठलं?"

"पक्कं. तूच मागितलंस ना? पहाटे उकळून ठेवते. मी पिते तेच."

सुकदेवानं तांब्यातला एक घोट तोंडात घेतला. सपक, झोपलेलं पाणी. दवाखान्यात रोज सकाळी सुया उकळताना तो बघायचा: भांड्याच्या भिंतीला आधी बारीक बुडबुडे धरतात, सुटतात, निघून जातात, मग पाणी उसळतं. त्या बुडबुड्यांत वाराच असतो. पाण्यातला वारा असा काढून टाकला तर मासा ओढणार काय?

त्यानं आधी मासा उचलून पेटीत सोडला. मग म्हणाला, "माय, पाणीमा जीव नही ऱ्हायना."

"नसणारच," जतनबाई ठामपणे म्हणाल्या. "म्हणून तर पक्कं. कच्च्या पाण्यात असंख्य जीव. ते मी या मुक्यांच्या अंगावर कसं घालू?"

"तसं नही. मासाले पाणीमातला वारा लागस. तो उकळीसन उडी गया. मी पक्कं म्हनं ते मापनं, माय. काठोकाठ. तुमनं पक्कं येगळं व्हतं, हाई माले समजनं नही. चूक मनी."

 शेठजी काहीतरी समजावू लागले, त्यांना जतनबाईंनी हातानं गप्प केलं.

"शब्द तुझा, भाया. पाणी माझं," त्या म्हणाल्या. "तीन दिवस मी यांचा गळा दाबत होते आणि वरून माळ ओढत होते."

कच्चं पाणी जतनबाई एरवी वापरत नसत. त्या दिवशी त्यांनी स्वतः विहिरीचं पाणी मागवलं, दुहेरी गळण्यातून गाळलं आणि गळण्यात अडकलेले जीव जगावेत म्हणून ते उलटं धुवून ते पाणी विहिरीत परत पाठवलं. सुकदेवानं गाळलेलं पाणी चहा निववावा तसं दोन तांब्यांत उंचावरून वरखाली केलं, फेस येईपर्यंत. मग चिमटीतल्या चिमटीइतकं औषध. एकेक मासा जाळीत न धरता त्यानं वाडग्यात पाण्यासकट उचलला. जतनबाई शेजारी बसल्या आणि ओठांत पुटपुटल्या, "मिच्छामि दुक्कडं."

"काय म्हनन्यात त्या?" सुकदेवानं हळूच विचारलं.

"माफी मागितली," मदनलालशेठ म्हणाले. "माशांची."

चारही मासे त्या गुलाबी पाण्यात तळाशी फिरत राहिले. कोणी वर आला नाही. सुकदेवानं कल्ले मोजले, पुन्हा मोजले. पेटीतल्यापेक्षा थोडे जास्त, बस. आंघोळीनं बिचकणं तेवढं उरलंच.

ठिपके जायला पुढे दोन आठवडे लागले. पण त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास एका माशानं दाणा तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. शेठजी थाळी लावायला आत धावले.

"आज नाही," जतनबाई म्हणाल्या. "पारणं उद्या, सूर्य वर आल्यावर. आजचा उपास माझ्या चुकीचा."

सुकदेवाला ते काही पटलं नाही. घेरी येणाऱ्या म्हातारीला आणखी एक रात्र म्हणजे त्याच्या लेखी अडलेल्या गाईला उद्या या म्हणून सांगणं होतं. पण तो त्यांच्या घरचा नेम, तिथे ड्रेसरचं काय चालणार. सकाळी ड्युटीआधी तो सायकल मारत आग्रा रोडला गेला. जतनबाई मुगाचं पाणी पीत होत्या, दोन्ही हातांनी वाटी धरून, घोटाघोटानं. तो दारात उभा राहिला आणि नकळत मनगट वर केलं.

जतनबाईंनी वाटीवरून पाहिलं. "माझं मोजतोस काय रे?"

"हो माय," तो म्हणाला. "जरासं थांबा. बोलू नका."