पेटीतल्या कॅसेटी आणि भिंतीवरची फळी

नांदेडला भावाचं घर सोडून आई हट्टानं माझ्याकडे लातूरला राहायला आली, तेव्हा मला आनंदापेक्षा धास्तीच जास्त वाटली. तिचं माहेर किल्लारीजवळचं. भूकंपात तिकडची माणसं गेली, आणि तेव्हापासून लातूरला आली की तिला झोप लागायची नाही. हातातलं भांडं पडलं तरी ती उठून दाराकडे जायची. तिची ती भीती हळूहळू मलाही लागली.

सोबत पत्र्याची पेटी होती, वडिलांनी भरून आणलेल्या कॅसेटींची. पूर्वी दुकानदाराला गाणी सांगायची आणि कोरी कॅसेट भरून घ्यायची. त्यामुळे एकाच कॅसेटीत माहूरच्या देवीचं गाणं, त्याला लागून कव्वाली, मग सिनेमातलं एखादं. वडील गेल्यावर आई रोज दुपारी जमिनीवर बसून पेटी उघडायची आणि एकेक कॅसेट हातात घेऊन उलटीपालटी करायची. पण फितींना बुरशी लागत चालली होती. गाणी गेली तर ही बाई कशावर जगणार, या काळजीनं मी ती सगळी टॅबमध्ये उतरवायला घेतली.

ॲप निघालं अतिशहाणं. त्यानं गाणी ओळखली आणि देवी एकीकडे, कव्वाल्या दुसरीकडे, सिनेमे तिसरीकडे अशा वाटण्या करून टाकल्या. आईनं पाहिलं आणि विचारलं, हे कुणाच्या घरचं हाय? मग मी सगळं मोडून पुन्हा मांडलं. एका कॅसेटीचं एक पान. त्यावर कव्हरचा फोटो, वडिलांच्या निळ्या अक्षरांसकट आणि आईच्या हळदीच्या बोटाच्या डागासकट. पहिली बाजू संपली की गाणं थांबणार, दुसरी बोटानं उलटायची. नाव टाकून शोधायची सोय मी मुद्दाम लपवली. तिला शोधायचं नव्हतंच, चाळायचं होतं.

एवढ्यावर थांबले असते तर मी कसली! सगळी कव्हरं लाकडी फळीवर उभी दिसतील असं केलं आणि तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही लावून त्यावर जोडून दिलं. आई बराच वेळ बघत राहिली. मग तिनं गादी ओढली आणि दाराजवळ नेऊन टाकली. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. भूकंपानंतर आमच्या नांदेडच्या घरात झोपायच्या जागी, अंगावर पडेल म्हणून, कुणी भिंतीला फळी ठोकलेली नव्हती. कॅसेटीही त्याचमुळे जमिनीवर, पेटीत. मी टीव्ही काढला. टॅब तिच्या मांडीवर दिला, आणि ती चाळायला लागली. गादी मात्र दाराजवळच राहिली.

एका दुपारी ती अशीच चाळत बसली होती आणि मांडणीतले पेले वाजले. जमिनीतून घरघर आली. मी जागच्या जागी थिजले. आईनं टॅब टाकला, माझं मनगट धरलं आणि मला ओढत अंगणात आणलं. या वयात एवढं बळ तिला कुठून आलं कोण जाणे. गल्ली बाहेर आली होती. थोड्या वेळानं लोक हसायला लागले, एकेक करून घरात गेले. आई जाईना. तिला धीर द्यायचा म्हणून मी सांगत सुटले की गाणी सुखरूप आहेत, त्यांची एक प्रत नांदेडला भावाकडे ठेवलीय, हे घर पडलं तरी एकही गाणं जायचं नाही.

तिनं माझं मनगट सोडलं नव्हतं.

"गाण्याची एक प्रत नांदेडला ठेवलीस, लई चांगलं केलंस," ती म्हणाली. "तुझी कुठं ठेवू, माय? म्हणून तर इथं येऊन दारात निजून राहिले."

अंधार पडेपर्यंत आम्ही दोघी अंगणातच बसून राहिलो.