कण्हेरीवरचा कापूस

मी नववीनंतर शाळा सोडली आणि लेक सातवीत गेल्यावर दहावीला बाहेरून बसले. सतरा नंबरचा फॉर्म भरला तेव्हा घरात कोणी नाही म्हणालं नाही, पण कोणी खरंही धरलं नाही. बाकीच्या विषयांना मी पुरून उरले असते. भीती होती ती इंग्रजीची, त्यातही तोंडी परीक्षेची. लिहिताना खाडाखोड करता येते, बोललेलं कसं खोडणार?

लेकीनं युक्ती दिली. ‘आई, समोर जे चाललंय तेवढंच बोल. इज लावायचं, कामाला आयएनजी लावायचं, झालं.’ झालं म्हणे! पण खरंच झालं. तेव्हा कापसाची वेचणी चालू होती. आमच्याकडं ती सावडीनं होते. आज सगळ्याजणी माझ्या रानात, उद्या मी त्यांच्या. कमरेला ओटी बांधून सात-आठ बाया एका ओळीनं पुढं सरकतात. मी त्या ओळीतच सुरू केलं. ‘शी इज पिकिंग कॉटन! शी इज ड्रिंकिंग वॉटर!’ मला असा काही चेव आला की कापसापेक्षा वाक्यंच जास्त निघायला लागली.

बाया आधी हसल्या, मग हट्टालाच पेटल्या. ‘माझं सांग की गं, मी काय करायले?’ एकीनं तर मुद्दाम तळहातावर तंबाखू मळून दाखवली. तंबाखूचं इंग्रजी मला येत होतं, मळण्याचं येईना. त्या दिवशी हसून हसून सगळ्यांची पोटं दुखली.

हसल्या नाहीत त्या फक्त सासूबाई. ‘तोंड चालू अन् हात बंद,’ त्या म्हणाल्या. ‘बाया कामाला आल्यात. तू त्याइला तमाशा दाखवायलीस.’ मला लय राग आला. तेव्हापासून मी सगळ्यांची वाक्यं केली, त्यांचं एकही केलं नाही. माझा राग असाच असतो, बारीक आणि लांबलचक.

परीक्षेच्या दिवशी मी पालमच्या एसटीत बसले, तर सासूबाईही पिशवी घेऊन चढल्या. ‘बाजार करायचाय,’ म्हणाल्या. त्या दिवशी बाजार नव्हता, पण मी तोंडातल्या तोंडात इज-इज करत होते, माझं लक्ष कुठं?

पालमच्या शाळेत तोंडी घेणाऱ्या सरांनी आधी नाव-गाव विचारलं. फडाफडा सांगितलं. मग म्हणाले, ‘आता आजूबाजूला काय चाललंय, त्याची पाच वाक्यं इंग्रजीत बोला.’ मला आनंदानं टाळीच वाजवावीशी वाटली. हेच तर येतंय मला! मान वर करून बघते, तर वर्गात काहीच चाललेलं नव्हतं. सर बसलेले, मी बसलेली. ‘सर इज सिटिंग. आय अ‍ॅम सिटिंग.’ पुढं काय? पंखासुद्धा बंद. दोन महिने ज्या बायांच्या जिवावर बोलले, त्यातली एकही इथं नव्हती. सर पेन टेकवून थांबले.

मी खिडकीकडं पाहिलं. ग्राउंडच्या कडेला कण्हेरीपाशी सासूबाई उभ्या होत्या, आणि सरळ माझ्याकडंच बघत होत्या. माझं तोंड बंद पडलंय हे त्यांना तिथूनही कळलं असणार. ते बंद बघायची त्यांना सवय कुठं होती? त्यांनी पिशवी खाली ठेवली, पदराची ओटी केली आणि त्या कण्हेरीवरून कापूस वेचायला लागल्या. दोन्ही हातांनी, भराभरा, येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्या पोरांसमोर.

‘माय मदर-इन-लॉ इज पिकिंग कॉटन!’ मी जवळजवळ ओरडलेच.

त्यांनी ओंजळ तोंडाला लावली.

‘शी इज ड्रिंकिंग वॉटर!’

सर वळून बघत राहिले. मग मराठीतच म्हणाले, ‘अहो, तिथं कापूस कुठंय? पाणी कुठंय?’

‘नो कॉटन, सर,’ मी म्हणाले. ‘नो वॉटर. शी इज हेल्पिंग मी.’

सर ‘पाच झाली,’ म्हणाले आणि कागदावर मार्क लिहिले.

मी पळतच बाहेर आले. सासूबाईंच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण आमच्यात तशी पद्धत नाही. त्या अजून वेचतच होत्या.

‘जमलं का गं?’

‘जमलं, आत्याबाई.’

‘मंग थांबू का आता? लोक बघायलेत.’