घरच्या पत्त्यावर

वॉशिंग्टन राज्यातल्या बॉथेलची वसुधा डॉक्टर आहे, हे तिथल्या मराठी मंडळात सगळ्यांना ठाऊक. ती नेमकं काय करते, हे विचारायच्या भानगडीत कोणी पडत नसे. गर्भपाताला बंदी असलेल्या राज्यांतल्या बायकांशी ती व्हिडिओवर बोलायची आणि टपालाने गोळ्या पाठवायची. वॉशिंग्टनचा कायदा तिच्या पाठीशी होता. टेक्ससमध्ये मात्र अटकेची भीती, म्हणून तिथे ती सख्ख्या भाच्याच्या लग्नालाही गेली नाही.

बाई कामात भलती काटेकोर. समोरची कितीही रडो, हिचे प्रश्न ठरलेले. शेवटची पाळी कधी, रक्तस्राव वाढला तर हॉस्पिटलला नेणारं कोणी आहे का, आणि घरात तुझं पार्सल कोण उघडतं? शेवटच्या प्रश्नाला कोणी जरा जरी चाचरली, तरी गोळ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर जायच्या.

टेक्ससमधल्या डॅलसजवळून केया आली स्क्रीनवर, आणि घात झाला. नागपूरची पोर, नवऱ्याच्या, शंतनूच्या व्हिसावर आलेली, मांडीवर वर्षाचा यश. डॉक्टर मराठी बोलते म्हटल्यावर तिला हुंदकाच फुटला.

"मावशी, हा झाल्यावर माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. एकदा टबमध्ये पाणी भरून बसले होते, याला घेऊन. शंतनू वेळेवर घरी आला म्हणून. परत ते सगळं झालं तर मी नाही वाचणार हो."

वसुधाला किती वर्षांनी कोणी मावशी म्हटलं होतं! मग धीर देणं आलं, माहेरची चौकशी आली. सासू-सासरे राहायला आलेत, हेही केयाने सांगितलं, पण ते बोलण्याच्या ओघात वाहून गेलं. आपलीच पोर म्हणून वसुधा विरघळली आणि तो एक प्रश्न राहिला तो राहिलाच. पाकीट घरच्या पत्त्यावर गेलं.

अहो, मुलाच्या घरी आलेली सासू! ना गाडी चालवता येत, ना शेजारी कोणी ओळखीचं. दिवसभर करायचं काय? दाराशी पार्सल पडलं की बाई कात्री घेऊन हजर. मुलाचे मोजे असोत की सुनेची ब्रा, फोडायचं आणि वर विचारायचं, "केवढ्याला पडलं गं?" तिने गोळ्यांचा फोटो नागपूरच्या डॉक्टर भाचीला पाठवला. या गर्भपाताच्या गोळ्या आहेत, हे भाचीने लगेच सांगून टाकलं.

केयाचं काही कळेना, म्हणून वसुधाने फोन लावला. उचलला सासूने. वसुधाने आपलं नाव सांगितलं.

"तुम्हीच का त्या? डबीवर नाव होतं तुमचं. ठेवलीय मी जपून." आवाजात राग नव्हता. "गोळ्या दिल्या फ्लश करून. शंतनू म्हणत होता, पोलिसांना कळवू. मी म्हटलं, जाऊ दे रे, आपल्यातल्याच आहेत."

"काकू, तिच्या जिवाला धोका आहे. माझ्यावर खुशाल केस करा, पण तिला तिथल्या डॉक्टरला दाखवा. एकटी सोडू नका. केयाला द्या फोन."

फोन स्पीकरवर गेला. मागे यश किरकिरत होता.

"मावशी, मी बरी आहे," केया पाठ केल्यासारखं म्हणाली. "आता फोन नका करू."

"ऐकलंत ना?" सासू हसली. "आम्ही मुक्काम वाढवतोय, तिला कशाची कमी पडणार नाही. बारशाला मात्र नक्की या हं. इथे आपली माणसं भेटतात कुठे!"